चक्कीत बसणाऱ्या बाया

आमच्या चक्कीत बसायला जागा नव्हती. टिनाचं एक छप्पर, मधे चक्की, तिच्या मागच्या भिंतीला भोक, भोकातून बाहेर गेलेला पट्टा आणि पट्ट्याच्या त्या टोकाला मांडवात इंजिन. दहा डबे आत आले की पाय ठेवायला वाव नसे. तरी तांड्यातल्या आणि गावातल्या बाया तिथंच बसत. कोणी उंबऱ्यावर, कोणी पालथ्या टोपल्यावर, कोणी पिठानं पांढऱ्या झालेल्या भिंतीला पाठ लावून. एखादीचं दळण झालं, डबा भरून बाजूला ठेवला, तरी ती उठत नसे. मला त्याचा फार राग यायचा. आता वय झाल्यावर राग गेला आणि नवल उरलं, म्हणून हे लिहायला बसलो. माझी शाळा चौथीपर्यंतची. पण ज्याला जे दिसलं ते त्यानं आपल्या हातानं लिहावं असं माझं मत आहे. नातू म्हणाला, आबा तुम्ही सांगा, मी मोबाइलमधे टाइप करतो. त्याला मी उठवून लावला.

आमचा तांडा आर्णीहून पायी दोन तासांवर. तांड्यातून गावात जायच्या वाटेवर, दोन्हीच्या मधोमध, आमची चक्की होती. घरात आम्ही गोरबोली बोलतो, पण ती इथं लिहिली तर अर्ध्या लोकांना कळणार नाही, म्हणून माझ्या घरच्यांना मी या वहीत मराठीत बोलायला लावलं आहे. आईला आम्ही याडी म्हणतो आणि वडिलांना बा, तेवढं तसंच ठेवतो. बाने ते इंजिन खरं तर विहिरीवर पाणी ओढायला आणलं होतं. विहीर लागोपाठ दोन उन्हाळे कोरडी पडली आणि इंजिन रिकामं उभं राहिलं. रिकामा बैल आणि रिकामं इंजिन बाला पाहवत नसे. त्यानं त्याला चक्की जोडली आणि मला आर्णीच्या उस्तादाकडे सहा महिने ठेवून इंजिनचं काम शिकवलं. मी परत आलो तो मिस्त्री होऊनच. मिशी नीट फुटली नव्हती, पण गावातले म्हातारेसुद्धा मला मिस्त्री म्हणत, आणि मला ते गुळासारखं गोड लागायचं. धुराच्या नळीला मी टिनाची पुंगी बसवली होती. इंजिन सुरू झालं की कुक् कुक् कुक् आवाज नाल्यापर्यंत जायचा. दगड नीट चालतो आहे की घासतो आहे, पीठ जाड पडतं आहे की बारीक, हे मी डोळे मिटून नुसत्या आवाजावरून सांगत असे. हे बढाईनं सांगत नाही. बढाईनं सांगत असलो तरी खरं आहे.

घरात आम्ही पाच माणसं. बा, याडी, मोठा भाऊ रामधन, मी, आणि रामधनची बायको शेवंता, माझी भोजाई. ती मुकुटबनकडची. तिच्या माहेराहून आमच्याकडे यायला तीन एसट्या बदलाव्या लागत, त्यामुळे तिकडचं माणूस वर्षातून एखाद्या वेळी दिसे. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूल नव्हतं. घरात तिचा आवाज म्हणजे फुंकणीचा आवाज आणि बाटी थापल्याचा आवाज. ज्वारीच्या भाकरीला आम्ही बाटी म्हणतो. पहाटे त्या थपथपीनं मला जाग यायची. मग अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा आणि उन्हाळ्यात ताकात शिजवलेल्या कण्या. वाढताना ती ताट पुढं सरकवी आणि मागं होई. बा ओसरीवर असला की डोक्यावरून घुंगट नाकापर्यंत. रामधन मुळातच मोजकं बोलणारा. याडी वाईट नव्हती, पण तिला बोलण्यापेक्षा काम आवडायचं. अशा घरात भोजाईनं बोलावं तरी कोणाशी.

आणि हीच बाई चक्कीत हसायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इंजिनपाशी तेल घालत होतो. इंजिनच्या आवाजावरून वर चढून एक हसणं आलं, घागर उपडी केल्यासारखं. मी पट्ट्याच्या भोकातून विचारलं, "कोण हासलं वं?" आतून लालीबाई ओरडली, "तुह्या घरचंच माणूस आहे, मिस्त्री. ओळखू नाही आलं का?" लालीबाई आमच्या तांड्यातली विधवा बाई, वयानं याडीएवढी, जिभेनं चौघींएवढी. मी आत डोकावलं तर भोजाई डोक्यावरचा पदर सावरत होती आणि तिच्या शेजारी गावातली कमळाबाई तिच्या पाठीवर थाप मारत होती. कमळाबाई बौद्धपुऱ्यातली. पाण्याला या दोघी वेगवेगळ्या विहिरींवर जात. एकमेकींच्या ओसरीवर कधी चढल्या नसतील. पण चक्कीत एकीचं लेकरू दुसरीच्या मांडीवर झोपलेलं असायचं.

त्या वेळी मला हे काही दिसत नव्हतं. पुरुषांना बसायला जागा भरपूर होत्या. तांड्यात नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाच्या, घरापुढचं सारवलेलं अंगण होतं, गावात पार होता, सडकेवर चहाचं हॉटेल होतं, बाजाराच्या दिवशी आर्णी होती. न्हाव्याच्या खुर्चीपाशीसुद्धा दाढी न करता अर्धा दिवस बसता येई. बाईला काम नसताना कुठंही उभं राहायची सोय नव्हती. काम हातात असलं की ती घराबाहेर दिसलेली चाले. म्हणून त्यांचं बसणं हे सगळं कामाच्या आडून व्हायचं. हे वाक्य मी आज सहज लिहिलं, पण ते कळायला मला स्वतःच्या चक्कीचं वाटोळं करावं लागलं.

आता आमच्याकडे सिमेंटची बाकडी आली आहेत. सडकेच्या कडेला, शाळेसमोर, स्मशानाच्या वाटेवर. प्रत्येकावर कोणाचं ना कोणाचं नाव. टाइल्स लावलेलं सभागृहही आहे, त्याला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो आर्णीला राहतो. मागच्या हिवाळ्यात मी हट्टानं एक काम केलं. प्रत्येक बाकड्यावर एकेक दिवस बसून पाहिलं. जाणारे लोक गाडी थांबवून विचारत, "आबा, बरं नाही वाटून राह्यलं का? घरी सोडू का?" नुसता बसलो आहे, हे कोणाला पटत नव्हतं. चौथ्या दिवशी माझ्याजवळ कोण येऊन बसलं म्हणाल, तर दुसऱ्या म्हाताऱ्याला शोधत आलेला त्याचा मुलगा, तोही फोन लागेपर्यंत. मी ग्रामसेवकाला विचारलं की बाकडी ठेवताना बायांना विचारलं होतं का, कुठं पाहिजे म्हणून. तो म्हणाला, बाया कुठं बसतात, आबा. मी म्हटलं, तेच तर विचारतो आहे.

तर माझा राग. मी कान लावून दगड ऐकणारा माणूस, आणि आत यांचा बाजार. एका सकाळी लेकरानं पिठाच्या तोंडापाशी घाण केली आणि माझं डोकं सटकलं. मी इंजिन बंद केलं आणि उंबऱ्यात उभा राहून सांगितलं, "उद्यापासून कोणी बसाचं नाही. डबा ठेवा, घरी जा, दुपारून भरलेला घेऊन जा."

लालीबाई म्हणाली, "अन् डबा बदलला त मंग?"

"बदलत नाही. खडूनं नाव टाकतो."

"आमाले कुठं नाव वाचता येते?"

"मले येते न."

"चौथीतून पळाला अन् वाचणारा झाला माय हा," ती बाकीच्यांकडे पाहून म्हणाली आणि सगळ्या हसल्या. त्या हसण्यानं मी आणखी पेटलो. दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यावर बाभळीची आडवी फळी ठोकली. फळीच्या अलीकडे मी, पलीकडे बाया. डबा फळीवरून द्यायचा आणि फळीवरून घ्यायचा. आमच्या घरचं दळण तर मी स्वतःच डोक्यावर नेऊ लागलो, म्हणजे भोजाईला खेप पडू नये. याडी खूश झाली. म्हणाली, पोराले अक्कल आली. मलाही वाटलं की आपण मोठं भलं काम केलं. भोजाईला कोणी विचारलं नाही.

पंधरा दिवस चक्की सुतासारखी चालली. मग डबे कमी होऊ लागले. आधी गावातले, मग तांड्यातले. पुंगी कुक् कुक् करत राही आणि वाटेवर कोणी दिसत नसे. मी दगडाला नव्यानं टाकी मारून धार केली, पीठ मैद्यासारखं पाडलं, तरी कोणी येईना. मग कळलं की बाया नाल्यापलीकडच्या गावात रहीमचाचाच्या चक्कीवर जातात. उन्हापावसात, डोक्यावर डबा घेऊन, सव्वा कोस. चाचाचं इंजिन माझ्या इंजिनपेक्षा जुनं आणि दगड झिजलेला. मला झोप लागेना.

घरात त्याच दिवसांत दुसरंच चाललं होतं. भोजाई बिघडली होती. ताप नाही, खोकला नाही. ज्वारी निवडायला बसली की एक सूप निवडायला दुपार करी, दाणा दाणा उचलून पाही. एकदा मी तिला परसात कोंबडीशी बोलताना ऐकलं. मुकुटबनच्या वाटेवर कोणता थांबा येतो, मग कोणता येतो, हे ती कोंबडीला सांगत होती. रामधननं हाक मारली तर दुसऱ्या हाकेलाही वळत नसे. एके दिवशी मी ओसरीमागं पट्टा शिवत बसलो होतो आणि रामधन याडीला म्हणाला, "इच्यात काई राह्यलं नाही. पोळा झाला का मुकुटबनले नेऊन घालतो."

याडी म्हणाली, "किती दिवस?"

"राहू दे तिकडंच."

राहू दे तिकडंच, याचा अर्थ आमच्यात लहान पोरालाही कळतो. पुढं सोडचिठ्ठीसाठी पंचायत बसते. नायकाच्या अंगणात बसते. ज्या बाईचं काय करायचं हे ठरायचं असतं, तिला त्या अंगणात बसता येत नाही. पोळ्याला महिनाही उरला नव्हता.

खरं सांगतो, तरीही मी नाल्यापलीकडे गेलो तो भोजाईसाठी नाही. माझं गिऱ्हाईक का गेलं ते पाहायला गेलो. सायकलला ज्वारीचा डबा बांधला, म्हणजे कोणी विचारलं तर सांगायला बरं. चाचाच्या चक्कीपुढं निंबाचं झाड, त्याखाली एक ओंडका आणि फुटक्या घमेल्यांचा ढीग. इंजिन बंद. चाचा खाटेवर पान लावत बसलेला.

"आओ मिस्त्री. तुम्हारी चक्की बंद पड़ी क्या?"

"नाही चाचा. पाहाले आलो."

"क्या देखने का इसमें? दिनभर में दस डिब्बे पीसता मैं. जल्दी किसको है यहाँ?"

झाडाखाली आमच्याच बाया बसलेल्या. मला पाहून गप्प झाल्या. मी सायकल लावून थोडा दूर पळसाखाली बसलो, तशा हळूहळू पुन्हा सुरू झाल्या. मी कान लावला, जसा इंजिनला लावतो तसा. काय बोलत होत्या? काहीच नाही. एकीच्या म्हशीला दूध कमी आलं होतं. एक जण दुसरीच्या डोक्यातल्या उवा काढत होती. एकीनं दंडावरचा काळा डाग दाखवला आणि बाकीच्या पाहून घेऊन दुसऱ्या विषयावर गेल्या, पण कमळाबाईनं तिचा हात सोडला नाही. कोणाची बाळंतपणातून सुटका कधी होणार, कोणाला दिवस गेले, कोणाच्या सासऱ्याला दिसेनासं झालं. आणि मग मला डबे दिसले. ओळीनं ठेवलेले, झाकणं उघडी. एकही डबा भरलेला नव्हता. पायलीच्या डब्यात अर्धी पायली, कुठं त्याहून कमी. मला आठवलं, आमच्या चक्कीत भोजाईसुद्धा असाच अर्धा डबा आणायची आणि मी तिला म्हणायचो, भरून आणत जा, दोन दोन दिवसांनी कायले खेप करता. अर्धा डबा आणला तर दोन दिवसांनी पुन्हा यायला मिळतं. एवढी साधी गोष्ट. मी सगळं इंजिन उघडून पुन्हा जोडू शकत होतो आणि हे मला दिसलं नव्हतं.

लालीबाई उठून माझ्यापाशी आली. "काहून आला रे? डब्यावर खडू माराले?"

"सव्वा कोस चालून येता, काकी. माह्या चक्कीत काय कमी आहे?"

"कमी काई नाही. लय चांगली चक्की. डबा ठेवला नाही त घरी धाडते."

"त मंग?"

"घरून त आलो," ती म्हणाली. मग म्हणाली, "शेवंता कुठं आहे? दिसली नाही महिन्यापासून."

"घरी आहे. तिचं दळण मी नेतो."

"तू नेतो," लालीबाई म्हणाली. "मंग तिनं कुठं जावं, बापा?"

मी दळण न करताच परत निघालो. नाल्यात सायकल ढकलताना मला राग, लाज आणि ते कोडं, सगळं एकदम डोक्यात होतं. फळी काढणं सोपं होतं. पण फळी काढली तर मी चुकलो असं होणार, आणि त्या वयात मी चुकलो हे म्हणण्यापेक्षा मला नाला पोहून जाणं सोपं वाटलं असतं. शिवाय नुसती फळी काढून भागत नव्हतं. माझी चक्की वेगानं चालायची. बसायला कारण लागतं, आणि कारण द्यायचं तर चक्की मंद पाहिजे.

त्या दिवशी जेवताना मी सांगून टाकलं, "इंजिन गरम होऊन राह्यलं. पाच डबे झाले का बंद करा लागते."

बा म्हणाला, "दुरुस्त कर."

"जमून नाही राह्यलं."

हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. बाचा घास हातात राहिला. मी पुढं म्हटलं, "मले इंजिनपासून हालता येत नाही आता. आपल्या दळणापाशी घरचं माणूस बसा लागन. भोजाईले धाडा." याडी कुरकुरली, पण दळण तर लागतंच. भोजाई चुलीपाशी होती. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

सकाळी मी फळी उखडली आणि लालीबाईच्या दारात गेलो. "काकी, माह्या चक्कीत आता वेळ लागते. इंजिन गरम होते. बसा लागन."

"किती वेळ?"

"सांगता येत नाही."

"मिस्त्री असून?"

"मले जमत नाही."

ती दार लोटून घेता घेता म्हणाली, "पाहू." दुसऱ्या दिवशी ती आणि आणखी एक जण आली. आठवड्यात उंबरा भरला. पाच डबे झाले की मी चांगलं चालणारं इंजिन बंद करायचो आणि पान्हा घेऊन त्याच्याभोवती उगाच फिरायचो. पारावर चर्चा झाली की मिस्त्रीला इंजिन कळत नाही. दुसऱ्या गावचे लोक आपल्या पंपासाठी मला बोलवायचे, ते थेट आर्णीला जाऊ लागले. कोणी मला गरम इंजिन म्हणू लागलं. मी ऐकून घेतलं. पण घरी एके दिवशी बाटीत मीठ जास्त पडलं म्हणून रामधन बोलला आणि भोजाईनं त्याला उलट उत्तर दिलं. मीठ तुमीच आणलं होतं, म्हणाली. रामधन तिच्याकडे पाहत राहिला आणि मग हसला. पोळा आला, बैल सजले, पोळा गेला. मुकुटबनचं नाव निघालं नाही.

बाला मात्र चैन पडेना. एक दिवस तो मला न सांगता, घरी याडीला तेवढं सांगून, पहाटेच आर्णीला गेला आणि उस्तादालाच घेऊन आला. चक्कीत बाया बसलेल्या, भोजाई त्यांच्यात. उस्ताद पाच मिनिटांत सांगणार होता की इंजिन ठणठणीत आहे. मग बा फळी पुन्हा ठोकणार. मग भोजाई पुन्हा कोंबडीपाशी. उस्तादानं हँडल मारून इंजिन सुरू केलं आणि बिडी ओढत उभा राहिला. बिडी संपल्यावर त्यानं सिलिंडरला हात लावला आणि झटकन मागं घेतला. तव्यासारखं तापलं होतं. त्याच्यापेक्षा मला जास्त नवल वाटलं. त्यानं इंजिन बंद करून, ते थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या ड्रमपासून येणारी नळी सोडली, आत तार घातली आणि तारेच्या टोकाला एक पांढरी गोळी निघाली. मळलेलं ज्वारीचं पीठ. अजून ओलं होतं.

उस्तादानं ती गोळी बोटांत फिरवली. इंजिन बंद होतं, त्यामुळे उस्ताद मला काय म्हणाला ते शेवटच्या बाईपर्यंत गेलं. "सहा महिने माह्यापाशी जेवला तू. नळी पाहावं एवढंही नाही समजलं तुले?"

बानं मान खाली घातली. मला सांगता आलं असतं की काल नळी साफ होती. मी म्हटलं, "नाही समजलं, उस्ताद."

त्यानं बायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाला म्हणाला, "पीठ उडते, नळीत जाते. पाच डब्यांवर बंद करत जा. घाई केली त इंजिन जाईन." त्याला खरंच तसं वाटलं की त्यानं सगळं ओळखून मला सांभाळून घेतलं, हे मी कधी विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पाच डब्यांवर थांबणं हा बाचा हुकूम झाला, आणि वीज येऊन ती चक्की मोडीत निघेपर्यंत आमच्याकडे दळायला वेळ लागायचा.

आता घरोघरी घरघंटी आहे. माझी नातसून स्वयंपाकघरात बटण दाबते, पीठ होतं, ती एकटी उभी असते. आमच्या गावचं बसणं कुठं गेलं, ते मी अजून शोधतो आहे. भोजाई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. रामधन गेला, तिला तीन मुलं, सात नातवंडं. मागच्या महिन्यात मी तिच्या खाटेपाशी बसून विचारलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, की त्या दिवशी नळीत पिठाची गोळी कोणी घातली.

"ते नाही सांगत," ती म्हणाली. सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, "पण मळून मीच देल्ती."